दादूची सही

पनवेलच्या एसटी स्टँडसमोर माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान. दुकानाच्या बाकावर रोज दहाच्या ठोक्याला दादू घरत येऊन बसायचा. वीस वर्षं विमानदलात, नवे वैमानिक घडवणाऱ्या तळावर, इंजिनाचा फिटर. निवृत्त होऊन आला तो ‘विमानवाले दादू’ होऊनच. तळाचं नाव मात्र सांगायचा नाही. “गुप्त हाय.” रेल्वेच्या वेळापत्रकात त्याच नावाचं स्टेशन ठळक छापलेलं असे, ती गोष्ट वेगळी.

ऐकायला सातआठ जण जमत. किस्से तीनच. इंग्रजांनी लढाईच्या घाईत खाचरं बुजवून धावपट्टी कशी केली, हा पहिला. पंख्याच्या विमानांवर शिकलेली पोरं जेट आल्यावर कशी घामाघूम झाली, हा दुसरा. आणि उडवायला शिकवणाऱ्या उस्तादाला ताप आला तेव्हा दादूने एकट्याने विमान वर नेलं, हा तिसरा. कॅलेंडरच्या पाठीवर मी रेघा मारत असे. तिसऱ्याच्या रेघा एकतीस. पहिल्या रेघेला विमान दोन हजार फुटांवर होतं, एकतिसाव्या रेघेला नऊ हजारांवर.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीत दादूच्या चुलतभावाची, मिठागरवाल्या सुदामची लेक स्नेहा रजेवर आली. विमानदल नुकतंच मुलींना वैमानिक म्हणून घेऊ लागलं होतं. ही निवडली गेली, आणि शिकत होती दादूच्याच तळावर. दोन दिवसांत माझा बाक रिकामा आणि सुदामची ओटी भरलेली.

दादू एकटाच यायचा. “एसटीत बसली का वकायची ती! इमान काय उडवनार?” मग जरा थांबून, “सीटवर उशा ठेवत असतील, बाहेरचा दिसाया.” चार दिवसांत तिच्यावर सतरा वाक्यं झाली, एकातही तिचं नाव नाही. नुसतं ‘सुदामची’.

पाचव्या दिवशी स्नेहा घड्याळाचा पट्टा बदलायला आली, पेढ्यांचा पुडा घेऊन. मागोमाग ओटीवरचे सातआठ जण. दादू बाकावरच होता. माझी जीभ गप्प बसणारी नव्हे.

“काय गं, तुझ्या काकांनी तिथे एकट्याने विमान उडवलंय. तळावर आठवण काढतात का?”

दादू बुटांकडे बघू लागला. स्नेहाला सगळं कळत होतं. फिटरच्या हाती कोण विमान देतो! तिने एक शब्द काढला असता, तर दादूला स्टँडवर तोंड दाखवायची सोय उरली नसती.

ती म्हणाली, “काका नसते तर आमचं एकही विमान उडलं नसतं, शेठ.”

लोकांनी माना डोलावल्या. दादू सुटला. पण चेहरा असा, जणू कुणी हात धरून रस्ता ओलांडून दिला.

“थांब,” तो उठला. “मला सांभालून घेऊ नको. मी नाय उडवला इमान. कवाच नाय.”

तो स्नेहाकडे वळला.

“प्रत्येक इमानाची वही असतं. इंजान ठीक हाय म्हनून पयली सही फिटरची. मंग उडवनाऱ्याची. बरोबर का?”

“बरोबर, काका.”

“तू एकटी किती येला वर गेलीस?”

“सोळा.”

“सोला!” दादूच्या आवाजात धार आली. “माझ्या सहीवर पोरं हजारांनी वर गेली. सगली खाली आली, आपल्या पायांनी. आता सांग, कोन मोठा?”

“तुम्ही, काका,” स्नेहा म्हणाली, आणि हसू दाबून पेढा पुढे केला.

“गोड वर्ज हाय मला,” म्हणत त्याने दोन पेढे रुमालात बांधले. स्टँडच्या कोपऱ्यावर पोचेपर्यंत दोन्ही संपले होते.

मी रबर घेऊन एकतीस रेघा खोडल्या. दुसऱ्या दिवशी दादू पावणेदहालाच हजर. सोळा आणि हजारांचा किस्सा सांगून झाला. मी नवी रेघ मारली. त्यात स्नेहाच्या फेऱ्या बाराच होत्या.