सात चिंध्या

ठिणगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. सातव्या वर्षी बाबांनी तिच्या हातात चार स्पार्क प्लग आणि एक जुना टूथब्रश दिला, "घास" म्हणाले, आणि तिनं ते असे लख्ख घासले की त्या दिवसापासून घरात तिला दुसरं नावच उरलं नाही. आता ती एक्केचाळीस वर्षांची होती. दुकानांचे वजनकाटे तपासायच्या खात्यात होती, आणि तिचा शिक्का नसलेला काटा कुणी दुकानात ठेवायला धजत नसे. कचेरीत सगळे तिला मॅडम म्हणत. आईचा फोन मात्र "ठिणगे, जेवलीस का?" असाच सुरू व्हायचा, आणि तो पलीकडच्या टेबलापर्यंत ऐकू जायचा.

त्या दिवशी फोन बाबांचा आला, हेच नवल. बाबा स्वतः फोन करणाऱ्यांतले नव्हते. आई बोलत असताना मागून खोकायचं आणि आपण हयात आहोत एवढं कळवायचं, ही त्यांची रीत.

"घर सोडतोय आम्ही," ते म्हणाले. "तिसऱ्या मजल्यावर जागा घेतलीय. शेड रिकामी करायचीय."

"बरं."

"गाडीचं काय ते तू ठरव."

बावीस वर्षांत त्या दोघांच्या बोलण्यात 'गाडी' हा शब्द आला नव्हता. तब्येत, हवापाणी, शेजाऱ्यांची भांडणं, सगळं बोलून व्हायचं. गाडीपाशी आलं की दोघंही मूग गिळून गप्प बसायचे. ठिणगीनं त्याच दिवशी रजेचा अर्ज टाकला.

ती गाडी म्हणजे दोन दारांची, दोनच माणसं बसतील अशी लाल स्पोर्ट्स कार. कुणा हौशी माणसानं झाडावर आपटलेली. बाबा बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर सांभाळायचे. आयुष्यभर वायू दाबण्याचंच काम. भंगारातून त्यांनी ती गाडी आणली तेव्हा आई म्हणाली होती, "दोन माणसांची गाडी आणि घरात माणसं तीन. मला टपावर बसवणार का?" बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ठिणगी तेव्हा अकरा वर्षांची होती. पुढची आठ वर्षं बापलेकीचा प्रत्येक रविवार त्या पत्र्याच्या शेडमध्ये गेला. ठोकलेला पत्रा सरळ केला, स्प्रिंगा बदलल्या, एक्झॉस्टची नळी घरीच जोडली. ती इतकी गरजायची की शेजारच्या शिंपिणीनं आठवडाभर अबोला धरला.

आणि मग बाबांना एका भंगारवाल्याकडे सुपरचार्जर सापडला. त्यांनी तो तिला एका वाक्यात समजावला होता: "इंजिन आपल्या नाकानं श्वास घेतं; हा त्याच्या नाकात हवा कोंबतो." इंजिनाच्या डोक्यावर तो बसवायचा, पट्ट्यानं फिरवायचा. पट्टा ज्या पुलीवर चढतो ती पुली जितकी लहान, तितका तो जोरात फिरणार आणि तितकी जास्त हवा. ते काम चाललं होतं तेव्हा ठिणगी बारावीला होती. घरात कुणी तिच्या अभ्यासाची चौकशी करत नसे, आणि ती मात्र सुपरचार्जरच्या हिशेबापायी गणितात पहिली आली.

शेडचा एक कायदा होता, तो म्हणजे चिंध्यांचा. सुपरचार्जर उतरवला की इंजिनाची सहा आणि हवेच्या नळीचं एक, अशी सात तोंडं उघडी पडत. त्यात एखादा नट पडला तर इंजिनाचा निकालच. म्हणून प्रत्येक तोंडात एकेक चिंधी कोंबायची. आईनं त्या सातही चिंध्या शिवून दिल्या होत्या, चारी बाजूंनी टीप घालून, म्हणजे सुतं निघायला नकोत. एक बाबांच्या कारखान्याच्या शर्टाची, एक शाळेच्या गणवेशाची, एक स्वयंपाकघरातल्या पडद्याची, अशा सगळ्या वेगळ्या. सातवी आईच्या गाऊनची होती, निळ्या फुलांची. काम संपलं की त्या दाराजवळच्या खिळ्याला लावायच्या. गाडी सुरू करण्याआधी बाबा विचारायचे, "चिंध्या?" ठिणगी खिळ्यापाशी जाऊन मोजायची आणि म्हणायची, "सात." मगच किल्ली फिरायची. हा नेम एकदाही चुकला नाही.

ती एकोणीस वर्षांची असताना तिच्या मनानं घेतलं की पुली लहान हवी. कागदावर तिनं सगळं मांडलं. बाबा म्हणाले, "बघू. घाई नको." पण एका शनिवारी ते कामावरून आले तेव्हा सुपरचार्जर टेबलावर होता आणि त्यावर लहान पुली बसलेली होती. बाबांनी बराच वेळ ती बोटानं फिरवून पाहिली. मग शर्टाच्या बाह्या वर केल्या. दोघांनी मिळून संधिप्रकाशात तो परत चढवला, चिंध्या खिळ्याला लावल्या आणि आई तिसऱ्यांदा ओरडली तेव्हा जेवायला गेले.

सकाळी बाबांनी विचारलं, "चिंध्या?"

"सात."

इंजिन सुरू झालं. वर सुपरचार्जरची ती बारीक, चढत जाणारी शीळ. ठिणगीच्या अंगावर काटा आला. तिनं बाबांकडे पाहिलं. बाबा चक्क हसत होते. आणि मग खाडकन आवाज झाला, आणि सगळं थांबलं.

बाबा एवढंच म्हणाले, "मी म्हटलं होतं, घाई नको." रागानं नाही. रागानं म्हणाले असते तर ठिणगी भांडली तरी असती. त्यांनी गाडीवर ताडपत्री ओढली आणि हात धुवायला गेले. महिन्याभरात ठिणगीनं मिळेल ती नोकरी धरली आणि इंजिनाच्या नावानं कानाला खडा लावला. बापाची आठ वर्षांची हौस आपण एका पुलीपायी मातीत घातली, हे तिच्या मनात पक्कं बसलं. पुढे लोकांचे काटे तपासताना ती एकेक वजन तीनतीनदा ठेवून बघायची ती काय उगाच नव्हे.

रजा घेऊन ती घरी पोचली तेव्हा आई खोकी बांधत होती. चमचे बारा, कप सहा, बश्या सहा. आईला संच अपुरा चालत नसे. एक कप फुटला तर त्याच नक्षीचा कप मिळेपर्यंत ती बाजार पालथा घालायची, आणि सदऱ्याचं एक बटण हरवलं तर पाचही बदलायची.

"शेडमधलं मी काही बांधलं नाही हं," आई म्हणाली. "तुमचं ते राज्य. पण तुमच्या चिंध्या बघ जाऊन, अजून सातच्या सात आहेत. एक तर तुम्ही तेव्हाच हरवली होतीत. झाडताना पाहिलं तर खिळ्याला सहाच. लगेच त्याच कापडाची दुसरी शिवून लावली. मी नसते ना, तर तुमच्या शेडमध्ये धड काही राहिलं नसतं!"

"हो आई," ठिणगी म्हणाली. तिचं लक्ष खिडकीतून दिसणाऱ्या ताडपत्रीकडे होतं.

बाबांचे हात आता थरथरत. ते उलट्या खोक्यावर बसले आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकू लागले: "तो पाना नाही, पुढचा." "जोर लावू नकोस, आधी तेल सोड." बावीस वर्षांनी ठिणगीच्या बोटांना वंगणाचा वास लागला. किती रविवार असे गेले होते, आणि त्यातला एकही तिला जपून ठेवावासा वाटला नव्हता. रविवार काय, दर आठवड्याला येतच होते.

"उघडायचंच का?" बाबांनी एकदा विचारलं. "नाहीतर तशीच देऊ कुणाला."

"उघडायचं," ती म्हणाली. आपलं पाप डोळ्यांनी बघायचं आणि मग गाडी दुरुस्त करून द्यायची किंवा भंगारात घालायची, असं ती ठरवूनच आली होती.

दुपारपर्यंत सुपरचार्जर उतरला आणि तिसऱ्या प्रहरी इंजिनाचं हेड, म्हणजे सिलेंडरांवरचं झाकण, निघालं. पहिला सिलेंडर ठीक, दुसरा ठीक. तिसऱ्याचा आत हवा घेणारा व्हॉल्व्ह वाकला होता. तो मिटला नव्हता आणि पिस्टन येऊन त्याच्यावर आपटला होता. मिटला का नव्हता? ठिणगीनं चिमटा घातला आणि मधे अडकलेलं काहीतरी हळूच ओढलं.

अर्धं जळालेलं, अर्धं तेलात भिजून काळं पडलेलं कापड. कडेला टीप. तिनं ते बोटांत चोळलं, तसं काळ्याखालून एक निळं फूल वर आलं.

तिनं मान वळवून खिळ्याकडे पाहिलं. खिळ्याला सात चिंध्या होत्या. सातवी निळ्या फुलांची.

आईचं सकाळचं बोलणं तिला आता कुठे ऐकू आलं. त्या संध्याकाळी, अंधुक उजेडात, एक चिंधी आतच राहिली होती. खिळ्याला सहाच होत्या. तशाच राहिल्या असत्या तर सकाळी मोजताना सहाच भरल्या असत्या, आणि किल्ली फिरली नसती. पण रात्रीत आईनं संच पुरा केला होता.

म्हणजे पुली नव्हती. बावीस वर्षं, आणि पुली नव्हतीच! ठिणगीला हसावं की रडावं कळेना. पहिल्यांदा तर तिला घरात धावत जाऊन तो तुकडा टेबलावर आपटावासा वाटला.

तिनं बाबांकडे पाहिलं. बाबा उठून उभे होते. त्यांनी तिच्या हातातलं कापड पाहिलं, मग खिळ्याकडे पाहिलं. आईबरोबर त्यांनी पंचेचाळीस वर्षं संसार केला होता. त्यांना काही समजावून सांगायला नको होतं.

तेवढ्यात चहा घेऊन आई दारात आली. ठिणगीनं मूठ मिटली.

"झालं का उघडून?" आईनं विचारलं. "काय निघालं मग? कुणाची चूक?"

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ठिणगी बावीस वर्षं थांबली होती. उत्तर तिच्या मुठीत होतं. आई ट्रे धरून उभी होती, थकलेली, केसाला धूळ लागलेली, आणि चहाचे तीनही कप एकाच नक्षीचे होते. ठिणगीनं मूठ पाठीमागे नेली.

"माझी," बाबा म्हणाले.

"काय?"

"चूक माझी. एक बोल्ट मी ढिला ठेवला होता. पोरीची पुली बरोबर होती."

बाबांनी जन्मात कधी आपली चूक कबूल केली नव्हती. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, असा माणूस. आईनं ट्रे टेबलावर आदळला आणि जी सुरुवात केली! "बोल्ट तुमचा, आणि खापर पोरीच्या डोक्यावर? बावीस वर्षं लेकरू तोंड चुकवत होतं! एकदा उघडून बघायला काय हात झिजले असते? वर पुन्हा मलाच सांगायचे, नीट मोजून ठेव, नीट मोजून ठेव!" बाबा मान खाली घालून ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान ठिणगीनं ती शीळ ऐकल्या दिवसानंतर पाहिलं नव्हतं. शेवटी आई त्यांचा कप उचलून परत घेऊन गेली.

ठिणगीनं आपला कप बाबांपुढे धरला.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," ती म्हणाली.

"असू दे. आपलेच दात, आपलेच ओठ." त्यांनी खोक्यावर बसत एक घोट घेतला. "तिला कळलं तर झोप लागायची नाही तिला."

"पण तुम्ही उघडून का नाही बघितलं बाबा? इतकी वर्षं?"

"उघडलं असतं आणि तुझीच चूक निघाली असती तर?" ते म्हणाले. "झाकलेलं होतं तोवर तुझी नसेलही, असं म्हणता येत होतं. तू गेलीस. मला वाटलं, रागावून गेलीस. माझं ते एक वाक्य..." त्यांनी कप तिच्याकडे परत दिला. ठिणगी खोक्यावर त्यांच्याशेजारी जाऊन बसली आणि दोघांनी तो एक चहा मिळून संपवला.

पुढचे पाच रविवार ती येत राहिली. नवा व्हॉल्व्ह आला, लेथवाल्यानं हेड घासून सपाट करून दिलं, उंदरांनी खाल्लेल्या तारा बदलल्या. शेवटी सुपरचार्जर चढवायची वेळ आली तेव्हा तिनं विचारलं, "पुली कुठली लावू? मोठी शोधून ठेवलीय मी."

बाबांनी सुपरचार्जरवरची ती लहान पुली बोटानं फिरवून पाहिली, बावीस वर्षांपूर्वी पाहिली होती तशीच. "आहे ती काय वाईट आहे?" ते म्हणाले.

घर सोडायच्या आदल्या दिवशी ते तिच्याशेजारी, दुसऱ्या सीटवर, महत्प्रयासानं बसले. आई दाराशी उभी होती, खिळ्याजवळच.

"चिंध्या?" बाबांनी विचारलं.

ठिणगीनं खिळ्याकडे पाहिलं. "सात."

बाबा तिच्याकडे वाकले आणि फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाले, "आणि आठवी?"

तिनं शर्टाच्या खिशावर हात ठेवला. "माझ्याकडे."

"अगं, नीट मोजल्यात ना?" आई दारातून ओरडली. "सातच्या सात?"

"सातच्या सात!" बापलेक एका दमात ओरडले, आणि ठिणगीनं किल्ली फिरवली.