पहिल्या टेकमधली साक्ष

आमच्या कोर्टाच्या मालिकेला सहावं वर्ष लागलं आणि प्रेक्षकांनी पाठ फिरवली. तेव्हा चॅनेलवाल्यांच्या डोक्यातून कल्पना निघाली, की एके काळी गाजलेल्या अंतराळाच्या मालिकेतले नट आमच्याकडे पाहुणे म्हणून आणायचे. ज्यांनी दहा वर्षं ग्रह वाचवले त्यांनी चार दिवस आम्हाला वाचवावं, असा एकूण बेत. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं आणि कारण सांगितलं नसतं.

माझं काम कंटिन्युइटीचं. मागच्या शॉटमध्ये वकिलाचा चष्मा नाकावर होता की हातात, लिहिलेल्या वाक्यातला कोणता शब्द साक्षीदाराने खाल्ला, हे मी कागदावर टिपते आणि चुकलं की जिथल्या तिथे सांगते. म्हणून युनिटमध्ये मला मास्तरीणबाई म्हणतात, तेही तोंडावर. मागे काय म्हणतात ते मी टिपत नाही.

नको म्हणण्याचं कारण माझा दादा. त्या अंतराळ मालिकेत माणसं हवेत तरंगायची ती दादाच्या दोऱ्यांवर. सात वर्षांपूर्वी त्यातली एक मुलगी वरून खाली पडली. मुख्य नटीऐवजी दोरीवर चढणारी तिची डबल होती, बावीस वर्षांची. चौथ्या दिवशी गेली. सूटच्या पाठीला आतल्या बाजूने दोन हुक असत, त्यातला डावा लागलेलाच नव्हता. चौकशीत ठरलं, की दोरीवाल्याने हुक तपासले नाहीत. दादा आधी छातीठोकपणे सांगायचा, मी दोन्ही तपासले होते. वर्षभराने म्हणायला लागला, तपासले असावेत. आता म्हणतो, मला आठवत नाही, म्हणजे नसतीलच तपासले. सात वर्षांत त्याने कशालाच गाठ मारलेली नाही. घरात कपडे वाळत घालायची दोरी मी बांधते आणि तो त्या खोलीत फिरकत नाही. माणूस आतून कसा पोखरला जातो ते मी रोज जेवताना समोर बघते.

तर पाहुणे आले. अंतराळयानाचा कप्तान आता वकील होणार होता. तो सेटवर पाऊल टाकताच थेट न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसला, कारण दहा वर्षं सगळ्यात उंच खुर्ची त्याचीच असायची. आमचे न्यायाधीश फाईल छातीशी धरून उभेच राहिले. यंत्रमानवाचं काम केलेला नट आरोपी होता, लिफ्टचा मेकॅनिक. त्याला सांगावं लागलं, की साहेब, मान हळू वळवा, या केसमध्ये तुम्ही हाडामांसाचे आहात. आम्ही सगळे पोट धरून हसलो. मीही हसले, खोटं कशाला सांगू.

आणि मॅडम, त्या अंतराळ मालिकेतली मुख्य नटी. त्यांना साक्षीदार व्हायचं होतं. मॅडमची ख्याती अशी, की लिहिलेल्या वाक्यातला काना-मात्रा त्या इकडचा तिकडे करत नाहीत. अंतराळातली ती जिभेला पीळ पाडणारी यंत्रांची नावं त्या एका दमात म्हणायच्या. माझ्यासारखीला अशी नटी म्हणजे सुट्टीच. त्यांना मी कोण हे माहीत नव्हतं आणि सांगायची माझी इच्छा नव्हती. चौकशीत त्यांनीही सांगितलं होतं, मला काही माहीत नाही. तेव्हा मला त्यात वावगं वाटलं नव्हतं.

प्रसंग सरळ होता. लिफ्ट कोसळून एक बाई मेलेली, दोष मेकॅनिकवर. मॅडम त्या इमारतीच्या व्यवस्थापक. कप्तानाने विचारायचं, "अपघाताच्या दिवशी तुम्ही काय पाहिलं?" आणि मॅडमनी म्हणायचं, "तपासणीची जबाबदारी त्यांची होती. मला काही माहीत नाही." बस, दोन वाक्यं. मी पेन्सिल कानामागे ठेवूनच बसले होते.

मॅडम पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. खरं सांगण्याची शपथ घेतली. कप्तानाने प्रश्न विचारला.

"तपासणीची जबाबदारी त्यांची होती," मॅडम म्हणाल्या आणि थांबल्या. मी पेन्सिल हातात घेतली. "आणि त्यांनी तपासणी केली होती. माझ्या डोळ्यांसमोर केली. दोन्ही हुक ओढून पाहिले. मग चहाची सुट्टी झाली. डावा हुक मला टोचत होता, खांद्याच्या खाली. मी तो आतून काढला. नंतर लावेन म्हटलं. सूट उतरवून ठेवला आणि विसरले. तोच सूट त्या पोरीने घातला. घाई होती, तपासणी झालीय म्हणून सगळे ओरडत होते. मी खाली उभी होते. वर बघत होते. ती पडली तेव्हा मला आठवलं."

माझ्या हातातून पेन्सिल पडली. ती घरंगळत कॅमेऱ्याच्या चाकाखाली गेली, तरी मला वाकता येईना. समोर कप्तान पांढराफटक पडला होता. त्याचं पुढचं वाक्य पाठ असूनही ओठ नुसते हलत होते. आरोपीच्या जागेवरून यंत्रमानव उठून उभा राहिला होता, जे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

"कट," दिग्दर्शक म्हणाला आणि टाळ्या वाजवायला लागला. त्याच्या मागे सगळं युनिट. "मॅडम, काय केलंत तुम्ही, अंगावर काटा आला. आणि कप्तानसाहेब, तो चेहरा, वा. पण लिफ्टच्या केसमध्ये सूट कुठून आला? हुक कसला? प्रेक्षकांना कळायचं नाही. लिहिलेलंच घेऊ. मास्तरीणबाई, वाक्य द्या मॅडमना."

मी वाक्य दिलं. माझा आवाज कुठून निघाला देव जाणे. "तपासणीची जबाबदारी त्यांची होती. मला काही माहीत नाही." दुसऱ्या टेकला मॅडम ते जसंच्या तसं बोलल्या, काना-मात्रेसकट. दिग्दर्शकाने ओके दिला. पहिला टेक रद्द, असं मला माझ्या अक्षरात लिहावं लागलं.

चित्रीकरण दुपारीच आटोपलं. मी तडक मेकअपच्या खोलीत गेले. मॅडम आरशासमोर एकट्या बसून कापसाने तोंड पुसत होत्या.

"मॅडम, ते खरं होतं," मी म्हणाले.

"वाक्य विसरले गं. होतं कधी कधी."

"तुम्ही कधीच विसरत नाही. दोरीवाले माझे सख्खे भाऊ आहेत."

कापूस तिथेच थांबला. त्यांनी आरशातूनच माझ्याकडे बघितलं, वळल्या नाहीत. अर्ध्या चेहऱ्यावर रंग होता आणि उरलेला अर्धा एकदम म्हातारा दिसत होता.

"कसे आहेत ते?"

"त्याला वाटतं त्यानेच मारलं तिला."

त्यांनी कापूस खाली ठेवला. मग म्हणाल्या, "सात वर्षं जीभ रेटली नाही. आज शपथ घेतली आणि भडाभडा बाहेर पडलं. मला वाटलं, आता कुणीतरी हाताला धरून नेईल मला. टाळ्याच वाजवल्या सगळ्यांनी."

"घरी चला. दादाला एवढंच सांगा. बाकी कुणाला नको."

"नाही जमणार मला."

"दोन वाक्यं आहेत, मॅडम."

"तू सांग," त्या म्हणाल्या आणि पुन्हा तोंड पुसायला लागल्या. मला इतका संताप आला, की तो आरसा फोडावासा वाटला. हात उचलला नाही, एवढीच माझी सभ्यता.

साउंडवाल्याच्या मागे लागून मी पहिल्या टेकचा आवाज माझ्या फोनवर घेतला. तो म्हणाला, रद्द टेक घेऊन काय करणार? मी म्हटलं, लोणचं घालते.

घरी पोचले तेव्हा अजून उजेड होता. दादा खिडकीशी मटार सोलत बसला होता. मी पर्स खांद्यावरून न काढताच फोन टेबलावर ठेवला आणि लावला. हुक ओढून पाहिले, इथे त्याचे हात थांबले. डावा हुक आतून काढला, इथे त्याने डोळे मिटले. मी मनात म्हटलं, सुटला एकदाचा माझा दादा.

"परत लाव," तो म्हणाला. मी परत लावला.

"हा कितवा टेक?"

"पहिला."

"आणि ओके कुठला झाला?"

"दुसरा. पण त्यात..."

"त्यात काय बोलल्या?"

"लिहिलेलं. दादा, ते महत्त्वाचं नाही. बाईंनी कबूल केलंय. कप्तानाचा चेहरा बघायला हवा होतास. दिग्दर्शकाला सुद्धा अर्थ लागला नाही, कारण डाव्या हुकाचं, खांद्याखाली टोचण्याचं बाहेर कुणाला माहीत आहे?"

"तुला माहीत आहे, चिमे," दादा म्हणाला. "तो हुक टोचतो म्हणून बाई कुरकुरायच्या, हे मीच सांगितलंय तुला शंभरदा."

मला आधी कळेचना तो काय म्हणतोय. मग कळलं.

"मी नाही लिहिलं हे. तुझी शपथ. बाईंना उद्या इथे आणून उभं करते, त्यांच्या तोंडून ऐक."

"त्या नटी आहेत गं. तू सांगशील ते बोलतील, आणि खरं वाटेल असं बोलतील. कामच आहे ते त्यांचं." तो उठला, ताटलीतले मटार बाजूला सरकवले आणि माझ्याजवळ आला. किती वर्षांनी त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "एवढ्या मोठ्या बाईकडून बोलवून घेतलंस. माझ्यासाठी किती जणांच्या पाया पडली असशील."

"दादा, ऐक ना."

"लिहिलंस मात्र छान," तो म्हणाला. "क्षणभर मलासुद्धा वाटलं, की मी तपासले होते."