मेहर मोबाईल बार

मेहरबीने बर्फाच्या लादीवर मोगरी हाणली, तर लादीआधी तिच्यावर गुंडाळलेलं गोणपाटच फाटलं. बर्फाचे तुकडे टेम्पोच्या फळीवरून घरंगळत मातीत गेले. तिने खाली वाकून त्यातले दोन-चार उचलले, पाहिले आणि दूर फेकून दिले.

"धुऊन चालले असते," फय्याज म्हणाला. तो कंबरेला पट्टा बांधून स्टुलावर बसला होता आणि खसच्या बाटल्या पुसत होता.

"तुमच्या भावाच्या घरी लगन असन, तवा चालवजा."

घरी दोघं उर्दूत बोलत. गिऱ्हाईकाच्या दारात मात्र आपसातही वऱ्हाडीच बोलायचं, असा मेहरबीचा नियम होता. वेगळ्या भाषेत कुजबुजलं की यजमानाला वाटतं, हे आपल्याच मांडवाला नावं ठेवतायत.

टेम्पो पूर्वी कारंजा लाडच्या बाजारात धान्याची पोती वाहायचा. फय्याजची कंबर गेली आणि टेम्पो सहा महिने दारात उभा राहिला. अमरावतीच्या एका लग्नात मेहरबीने मॉकटेलचा काउंटर पाहिला होता, आणि रमजानमध्ये तिच्या हातच्या शरबतासाठी अर्धी गल्ली दारात येते हे तिला ठाऊक होतं. तिने सुताराकडून टेम्पोची एक बाजू खिडकीसारखी उघडणारी करून घेतली, पुढे फळी ठोकली, निळा पडदा लावला आणि वर पाटी रंगवली : मेहर मोबाईल बार. आत दारूचा थेंब नव्हता. तरी 'बार' वाचून फय्याजच्या थोरल्या भावाने कानांवर हात ठेवले होते. "नाव वाचून येतीन अन् शरबत पिऊन जातीन, त्यात कोनाचं काय गेलं?" असं मेहरबीने त्यांना पडद्याआडून ऐकवलं होतं.

पण नात्यातले दोन साखरपुडे सोडले तर आजवर काम मिळालं नव्हतं. मेडशीच्या शालिग्राम पाटलांच्या लेकीचं, ज्योत्स्नाचं लग्न हे पहिलंच परक्या घरचं. इथे नाव झालं तर पंचक्रोशीतली लग्नं मिळतील. नाही झालं तर शुक्रवारी टेम्पो पाहायला एक माणूस येणार होता. फय्याजने त्याला हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. मेहरबीला टेम्पो विकायचा नव्हता. सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिचं नाव कुठेतरी रंगवलं गेलं होतं, आणि कोणी ते पत्र्याने खरवडून काढावं हे तिला सोसणारं नव्हतं.

त्यात सकाळी पुतण्याचा, तौकीरचा फोन आला. ताप भरला होता. लिंबं कापायला, पिळायला तोच येणार होता. पाचशे माणसांची लिंबं, आणि हात चारच, त्यातलेही दोन फय्याजचे.

शालिग्राम पाटील पिवळा फेटा सावरत घाईघाईने जात होते. त्यांनी मेहरबीचं गाऱ्हाणं ऐकलं. "जगदेवले पाठोतो. आमचा गडी हाय. सांगान ते करते," म्हणाले आणि आचाऱ्यावर ओरडायला निघून गेले.

थोड्या वेळाने साठीचा एक माणूस टेम्पोसमोर येऊन उभा राहिला. पांढरा सदरा, धोतर, उघडं डोकं. हात पाठीशी बांधून तो बाटल्या अशा निरखत होता, जणू काही जत्रेत दुकानं मांडली आहेत.

"जगदेवभाऊ नं?" मेहरबीने विचारलं.

त्याने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"लिंबं कापता येते का?"

"येते," तो म्हणाला आणि त्याने बाह्या वर सारल्या.

माणूस कामाला वाघ निघाला. लिंबू कापण्याआधी फळीवर तळव्याखाली दाबून फिरवायचं, म्हणजे रस जास्त सुटतो, हे त्यानेच फय्याजला दाखवलं. पन्ह्याचा थेंब जिभेवर ठेवून जिरं अजून थोडं भाजायला हवं होतं, असंही सांगितलं. तोंडही हाताइतकंच चालत होतं.

"जगदेवभाऊ, गोठी कमी करा, लिंबं जास्त," मेहरबी म्हणाली.

"बरं बाई," तो म्हणाला, आणि का कोण जाणे, खुशीत हसला.

मग तिने त्याला पाण्याची कॅन आणायला पिटाळलं. भरलेली कॅन खांद्यावर मारून तो मांडवाच्या कडेकडेने अक्षरशः धावत आला. स्वयंपाकाच्या बाजूच्या दोन बायका हातातलं काम टाकून त्याच्याकडे बघत राहिल्या.

बाराच्या सुमाराला वरात आली आणि काउंटरवर झुंबड उडाली. आधी पोरं आली, मग पोरांना शोधत आया आल्या, मग नाचून घामाघूम झालेले वराकडचे तरुण. त्यांतला एक पाटी वाचून फळीवर वाकला आणि हळूच म्हणाला,

"काकू, मांगं काई हाय का?"

"हाय नं. मांगं बर्फ हाय."

बाजूचे हसले, तोही ओशाळून हसला आणि पुदिना-सोडा घेऊन गेला. पुन्हा दोनदा आला. मेहरबीचा जीव हळूहळू भांड्यात पडत होता. एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली. गावातली म्हातारी माणसं फय्याजच्या हातचा ग्लास सहज उचलत होती, पण जगदेवच्या हातचा ग्लास दोन्ही हातांनी घेत होती आणि मिशीत हसत बाजूला होत होती. गडी गावात भलताच लाडका दिसतो, असं तिला वाटलं.

तेवढ्यात एक काळासावळा, धापा टाकणारा माणूस टेम्पोच्या मागच्या बाजूने आला.

"बाई, मी जगदेव. मालकानं मले तुमच्याइकडं पाठोलं होतं. पन मंग मालकानंच सांगतलं, आधी जवाई कुठी गेले ते पाय. सारं गाव पालथं घातलं, बाप्पा, कुठीच नाई..."

बोलता बोलता त्याची नजर फळीकडे गेली आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

मेहरबीच्या हातातली खसची बाटली तशीच तिरपी राहिली. ग्लास भरून वाहिला. "मंग हे कोन हायेत?"

"अवो माय! हे तं तुळशीरामजी! मालकाच्या बहिनीचे मालक. या घरचे जवाई!"

जावई म्हणजे दहावा ग्रह, असं म्हणतात. किन्हीराजाचे तुळशीरामजी तर भर दिवसा दिसणारा ग्रह होते. बत्तीस वर्षांत या घरचं एकही कार्य त्यांच्या रुसण्यावाचून पार पडलं नव्हतं. एकदा फेट्याचा रंग फिका होता म्हणून, एकदा पंखा दुसऱ्याच पाहुण्याकडे वळला म्हणून, एकदा तर काहीच कारण सापडेना म्हणून. त्यांना मांडवात गादीची खुर्ची मिळे, हातात सुपारी मिळे आणि इकडची काडी तिकडे करू दिली जात नसे. जावयाला काम सांगणं म्हणजे लेकीच्या माहेराने स्वतःच्या तोंडाला काळं फासणं. आणि मेहरबीने त्यांना पाण्याची कॅन आणायला पिटाळलं होतं.

तिने काही सांगायच्या आधीच बातमी शालिग्राम पाटलांकडे पोचली. ते फेटा एका हाताने धरून पळतच आले.

"जवायाले लिंबं पिळाले लावले? अवो बाई, सोयरे पाहून राह्यले! बत्तीस वर्सं या मानसाले आमी पान्याचा गिलास उचलू देल्ला नाई!"

"चुकी माही हाय, पाटील," मेहरबी म्हणाली. "याहिची काईच चुकी नाई. मीच वळखलं नाई."

फय्याज स्टुलावरून उठला होता. त्याने रिकाम्या बाटल्या खोक्यात भरायला घेतल्या. ते पाहून मेहरबीला जास्तच वाईट वाटलं.

तुळशीरामजींनी मान वर केली नाही. ते लिंबू दाबून फिरवत होते. "शालिग्राम, बाजूले सरक. मांगं लाइन हाय."

"भाऊजी, चला. खुर्ची ठेवली तुमच्यासाठी. पंखा लावला."

"खुर्चीतच बसून राह्यलो रे बत्तीस वर्सं. तुमी सारे पळता, हासता, एकामेकाच्या पाठीवर थापा मारता, अन् मी येकटा तथी बसून पायतो. मंग टाळकं फिरते माहं." त्यांनी लिंबू कापलं. "आज लय मजा येऊन राह्यली. येऊ दे."

इतक्यात वराचे वडील, म्हणजे नवे व्याही, स्वतः रांगेतून पुढे आले. पाटलांनी डोळे मिटून घेतले. व्याह्यांनी रिकामा ग्लास फळीवर ठेवला.

"याच्यातच आनखी एक भरा," ते तुळशीरामजींना म्हणाले. "मीठ थोडं जास्त."

तुळशीरामजींनी मीठ थोडं जास्त टाकलं. पाटील एकदा व्याह्यांकडे, एकदा जावयाकडे आणि एकदा पाटीकडे बघून मांडवात परत गेले. ते रागावले की निवळले, ते त्यांच्या पाठीवरून मेहरबीला काही कळलं नाही.

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, पंगती उठल्या. उन्हं कलली तेव्हा लिंबाची टोपली रिकामी होती आणि तुळशीरामजी कोपरापर्यंत चिकट झाले होते. मुलांनी त्यांना जेवायला ओढून नेलं, तेव्हा कुठे ते फळीपासून हलले. पाटील दोनदा टेम्पोसमोरून गेले, पण त्यांनी इकडे पाहिलं नाही.

"शरबत तं साऱ्याहिले आवडलं," फय्याज पडदा उतरवत म्हणाला.

"शरबताचं कोन बोलून राह्यलं? घरोघर सांगतीन, या बाईनं पाटलाच्या जवायाले राबोलं."

"शुक्रवारी त्या मानसाले येऊ देऊ का मंग?"

मेहरबी फळी पुसत होती. पुसलेलीच जागा पुन्हा पुसत होती.

हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू आणि चेहरा दगडासारखा, अशी एक बाई सरळ टेम्पोसमोर येऊन उभी राहिली. मांडवातल्या बायका तिला वाट देत होत्या, त्यावरूनच मेहरबीने ओळखलं. ही मनकर्णाबाई, पाटलांची बहीण. तुळशीरामजींची बायको.

"आमच्या घरच्याहिले काम तुमीच सांगतलं?"

"हो बाई. खरंच वळखलं नाई मी. मले माफी..."

"काय काय सांगतलं?"

"लिंबं कापाले, पिळाले." लपवून उपयोग नव्हता. "अन् पान्याची कॅन आनाले."

"आनली?"

"आनली."

"चालत आनली का पळत?"

"पळत."

मनकर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलायला लागले, तेव्हा त्या रडतायत की काय म्हणून मेहरबी घाबरून पुढे झाली. पण त्या हसत होत्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, मग तोंड पुसलं आणि पुन्हा आपला दगडी चेहरा घेतला.

"पुढच्या मयन्यात माह्या चुलतभावाच्या पोराचं, प्रज्वलचं लगन हाय. इथीच, मेडशीले. तुमचाच टेम्पो आनाचा. मी सांगून आलो चुलतभावाले."

"पन शालिग्राम पाटील रागावले हायेत, बाई."

"तो लायना हाय माह्याहून. त्याचं मी पायतो. नंबर द्या तुमचा."

मेहरबीने नंबर सांगितला. मनकर्णाबाईंनी तो फोनमध्ये घ्यायला वेळ लावला, एकेक आकडा मोठ्याने म्हणत. मागे फय्याजने आपला फोन काढला आणि टेम्पोच्या आडोशाला जाऊन कोणाला तरी हळू आवाजात सांगितलं की शुक्रवारी येऊ नका, गाडी विकायची नाही. उर्दूतच सांगितलं, आज मेहरबीने त्याला टोकलं नाही.

मनकर्णाबाई चार पावलं गेल्या आणि थांबल्या. मांडवात तुळशीरामजी ताटावर बसले होते आणि लिंबू कसं दाबायचं ते नव्या नवरदेवाला हातवारे करून सांगत होते. त्यांच्याकडे एकदा पाहून त्या परत फळीपाशी आल्या आणि मेहरबीच्या कानाशी वाकल्या.

"तथीबी हे जवाईच हायेत," त्या म्हणाल्या. "तवाबी त्याहिले वळखू नोका."