तिसऱ्या प्लगचे आटे

भंवरलाल मिस्त्रीने आटे पाडायच्या टॅपच्या खाचांत बोटाने ग्रीस भरलं आणि तो इंजिनाच्या भोकात सरळ उभा धरला. ग्रीस असलं की अ‍ॅल्युमिनियमचा कीस त्याला चिकटतो, आत सिलिंडरमध्ये पडत नाही. अर्धा फेरा पुढे, थोडा मागे, मग टॅप काढून पुसायचा. असे नवे, मोठे आटे पाडून त्यात प्लगच्या मापाची पितळी नळी, म्हणजे बुश, बसवायचा होता. डॉक्टर नीलकंठ अंगणातल्या खाटेवर बसून पाहत होते. एरवी ते मिस्त्रीच्या डोक्यावर उभे राहून सूचना देत.

जयपूरच्या हॉस्पिटलात त्यांच्या हाताचं नाव होतं, आणि ते त्यांना पुरेपूर ठाऊक होतं. दर रविवारी गाडीचे प्लग काढून साफ करायचे, हे काम ते कुणाला करू देत नसत. प्लग लावताना पहिले फेरे पान्याने नाही, नुसत्या बोटांनी द्यायचे. आटे जुळले की बोटांना कळतं, हे ते चहाला आलेल्या पाहुण्यांनाही ऐकवत. गेल्या रविवारी बोटांना कळलं नव्हतं. तिसरा प्लग तिरका बसला, वर त्यांनी पान्याने जोर केला आणि आटे पार खरडून निघाले.

"साब, ये तो किसी अनाड़ी का काम है," भंवरलाल म्हणाला. चहा घेऊन आलेल्या विनयाकडे पाहून तो हसला. "मेमसाब ने लगाया होगा."

"हाँ, मैंने ही," विनया म्हणाली.

डॉक्टरांनी चहाचा कप तोंडाला लावला. बायकोच्या पदराआड लपल्याची त्यांना लाज वाटली, पण ते लपले.

थंडीत सुरू झालेली त्यांच्या बोटांची बधिरता चैत्र लागला तरी गेली नव्हती. शर्टाची बटणं विनया लावून देई आणि काही विचारत नसे. पण उद्या सकाळी आमेरच्या एका मास्तरणीच्या गळ्याची गाठ काढायची होती. गाठीमागून आवाजाची नस जाते, दोऱ्याएवढी. रक्तात दिसत नाही, बोटाने चाचपून सांभाळावी लागते. "आवाज तो रहेगी ना, डॉक्टर साब?" त्या बाईने काल विचारलं होतं, आणि ते "क्यों नहीं!" म्हणाले होते. घरी येऊन हे त्यांनीच विनयाला सांगितलं. त्यांच्या हाताखाली तयार झालेला विलासही ऑपरेशन करू शकला असता. पण त्याला सांगायचं म्हणजे बोटांचंही सांगावं लागणार.

बुश बसला, प्लग लागला, गाडी सुरू झाली. भंवरलाल सायकलवर टांग टाकून गेला. विनया कपबश्या तशाच ठेवून खाटेवर येऊन बसली.

"अहो, डोळे मिटा."

"हा काय पोरखेळ?"

"पेशंटला सांगता तेच सांगतेय. मिटा आणि हात पुढे करा."

त्यांनी हात पुढे केला. तिने बांगडीला अडकवलेली पिन काढली.

"बोटाला टेकवली की सांगा."

डॉक्टर वाट पाहत राहिले. शेजारच्या घरात कुणीतरी गहू निवडत होतं, सुपाचा आवाज येत होता. अभ्यास करून परीक्षेला बसलेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा निवांत होता. विनयाला तो पाहवेना.

"अगं, टेकव ना. किती वेळ?"

त्यांनी डोळे उघडले. पिनेचं बोथट टोक त्यांच्या तर्जनीत रुतलं होतं, कातडीला खळगी पडली होती.

विनया पिन परत बांगडीत अडकवू लागली. तिला ते जमेना.

डॉक्टर उठून आत गेले. फोन लावायला त्यांना बराच वेळ लागला.

"विलास, उद्याची केस तू कर. मी शेजारी उभा राहीन."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"नाही, गावाला नाही जात," डॉक्टर म्हणाले. "बोटांना कळत नाहीये."