बिनधुराचा कोळसा

“बंद खोलीत मात्र पेटवू नका हा, ताई,” कोळसेवाला म्हणाला, तेव्हा ती पोत्यातले दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघत होती. तेही एकाच हाताने. दुसऱ्या हाताने कडेवरच्या मुलीची टोपी कानांवर ओढत होती.

“बंद खोलीत कोण पेटवतंय? सासऱ्यांकडे गॅलरी आहे.”

“सांगायचं काम माझं. धुरावतो त्याचं एवढं काही नाही, माणूस खोकत खोकत बाहेर तरी येतो. न धुरावणाऱ्याला जास्त भ्यावं.”

“स्वतःच्याच मालाला भ्यायला सांगता? मग धंदा व्हायचा कसा तुमचा?”

तो हसला. तीही हसली, आणि ते बोलणं तिथंच राहिलं.

कोळसा निवडायला तिला यानेच शिकवलं होतं. पहिल्यांदा आली तेव्हा ती वरवर बघून मोठे मोठे तुकडे उचलत होती. तो म्हणाला, “लोक म्हणतात, कोळसा उगाळावा तितका काळाच. अहो, उगाळता कशाला? वाजवून बघा.” चांगला भाजलेला तुकडा काचेसारखा खणकन वाजतो. हातात हलका लागतो, बोटं फारशी काळी करत नाही, मोडला तर आत चकाकतो. तपकिरी झाक असलेला, मोडताना चिवटपणा करणारा तुकडा अर्धाकच्चा. तो धूर करणार म्हणजे करणार. पोत्याच्या तळाचा चुराही नको, हवा अडवतो. कॉलेजात कधी घेतलं नव्हतं इतकं मन लावून तिने हे शिकून घेतलं.

कारण धूर आणि मुलीची छाती. मुलगी नऊ महिन्यांची. जन्मल्यापासून खोकला तिच्या मागे लागलेला, आणि तिच्यामागे तिची आई. रात्री श्वासाची लय बदलली तरी ही उठून बसायची. नवरा दूर कामावर, तीन-तीन महिने घरी येत नसे. घरात बोलायला दुसरं माणूस नव्हतं. त्यामुळे काळजीला भरपूर जागा होती.

सासरे दोन गल्ल्या सोडून एकटे राहत. तीस वर्षं एका हॉटेलच्या मागच्या अंगणात जाळीवर मासे आणि मांस भाजण्यात गेलेली. ओल्या लाकडाच्या ढलप्या निखाऱ्यांवर टाकून दिलेली धुरी हा त्यांचा हातखंडा. “धूर म्हणजे अर्धी चव,” असं ते म्हणत, आणि सासूबाई होत्या तोवर त्या म्हणत, “आणि उरलेला अर्धा माझ्या पडद्यांत.” त्या गेल्यावर दर रविवारी दुपारी सून आणि नात जेवायला यायच्या, गॅलरीत शेगडी पेटायची. मग एकदा वारा फिरला, धूर आत आला, मुलगी निळी पडेपर्यंत खोकली. सून त्या दिवशी ताटावरून उठली.

“बाबा, हिला बरं वाटेपर्यंत नको,” ती म्हणाली होती.

ते पाणी शिंपडून निखारे विझवायला लागले. दुसऱ्या दिवशी फोन करून एवढंच म्हणाले, “माझे गुडघे काही मला तिथवर नेत नाहीत. तूच कोळसा आणून देशील का? अजिबात धूर न करणारा बघ.”

तेव्हापासून सात शनिवार ती पिशवी नेऊन देत होती. उंबऱ्याशीच उभी राहायची. ते पिशवीतला तुकडा काढून नखाने टिचकी मारायचे, कान लावायचे.

“जमलंय तुला.”

“मास्तर चांगला मिळाला.”

“उद्या येतेस?”

“बघते, बाबा. काल रात्री दोनदा खोकली.”

“नको मग, नको. घाई नाही.”

जिन्यावरून उतरताना पाठीमागे दार लगेच लागायचं नाही, हे तिच्या लक्षात यायचं. ती वळून बघत नसे.

आठव्या रविवारी मुलीचा खोकला थांबून दहा दिवस झाले होते. बाहेर बोचरा वारा होता. तिने मुलीला दोन स्वेटर घातले आणि चारच्या सुमारास, न कळवता, ती दुसऱ्या मजल्यावर सासऱ्यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

दार उघडायला वेळ लागला. सासऱ्यांचा चेहरा लालसर दिसत होता. त्यांनी आधी नातीकडे पाहिलं, मग सुनेकडे, आणि चौकट धरून ते बाजूला झाले.

“आलीस? ये, आत ये. ऊब आहे बघ कशी.”

खोली खरंच उबदार होती. शेगडी गॅलरीत नव्हती, खोलीच्या मधोमध, उलट्या घमेल्यावर ठेवलेली होती. निखारे लालबुंद, वर राखेची पातळ साय. जाळीवर माशाचे दोन तुकडे एका कडेला सरकवून ठेवलेले. दोन ताटं मांडलेली. शेजारी चटई, तिच्यावर घडी घातलेलं गोधडं, छोटी उशी. गॅलरीचं दार बंद होतं. खिडकीही बंद, आणि तिच्या फटींत जुन्या लुगड्याच्या पट्ट्या ठासून भरलेल्या.

“धुराचा मागमूस तरी आहे का? सांग,” ते म्हणाले. शब्द जरा ओढत. “ढलप्या टाकून दिल्या सगळ्या. हिला वारा लागू नये म्हणून आज फटीसुद्धा बुजवल्यात.”

ती उंबऱ्यावरच थांबली.

“बाबा, तुम्हाला बरं वाटतंय ना?”

“डोकं धरलंय जरा. रविवारी धरतंच.”

“दर रविवारी?”

“तू येशील म्हणून दोनपासून खोली गरम करून ठेवतो. पाचपर्यंत बसतो. मग डोकं ठणकायला लागतं, मळमळतं. गॅलरीत जाऊन बसलं की उतरतं.” ते ओशाळं हसले. “वाट बघून दुखत असेल.”

आयुष्यभर त्यांनी उघड्या अंगणात भाजलं होतं. नाक सांगेल तेच खरं. धूर नाही म्हणजे काही नाही.

मुलीने जांभई दिली आणि आईच्या खांद्यावर डोकं टाकलं.

तिने सासऱ्यांचं मनगट धरलं. आजवर असं कधी धरलं नव्हतं. त्यांना ओढतच तिने जिन्यात आणलं, भिंतीला टेकवून खाली बसवलं, मुलीला आपल्या शालीत गुंडाळून त्यांच्या पायांमध्ये बसवलं आणि शालीचं टोक त्यांच्या मुठीत दिलं.

“सोडू नका हिला.”

“अगं, गार आहे इथं. बाधेल तिला.”

श्वास रोखून ती आत गेली. गॅलरीचं दार उघडलं. खिडकीच्या पट्ट्या निघेनात, दोन नखं मोडली. चिमटा, घमेलं, शेगडी करत निखारे गॅलरीत गेले तेव्हा तिच्या कानांत धडधडत होतं. परत आली तर मुलगी आजोबांच्या सदऱ्याचं बटण चोखत होती आणि ते तिच्या टोपीची गाठ सोडवायचा प्रयत्न करत होते, त्यांना ती सापडत नव्हती.

गाडी बोलावून तिने त्यांना दवाखान्यात नेलं. दोन तास नाकातोंडावर प्राणवायू लावून ठेवला होता. डॉक्टरीणबाई तिच्या वयाच्याच होत्या. “कोळशाच्या विषारी वायूला ना धूर, ना वास. अजून तासभर तसेच बसले असते तर,” एवढं म्हणून त्यांनी कागदावर पुढचं लिहायला घेतलं.

मास्क काढल्यावर सासऱ्यांनी पहिलं विचारलं, “मासा वाया गेला का गं?”

ती खुर्चीत बसून होती. मुलगी मांडीवर झोपलेली. तिला खूप काही सांगायचं होतं, पण ती म्हणाली, “उद्या गरम करून खाऊ. मी येते.”

ती आली. पुढचे सगळे रविवार आली. गॅलरीत शाल पांघरून तिघं जेवली, मुलगी दोनदा शिंकली आणि त्यातून काहीच झालं नाही. पण वर्ष सरता सरता नवऱ्याने कामाच्या गावी खोली घेतली, आणि ती मुलीला घेऊन तिकडे गेली. सासऱ्यांना चला म्हणून किती विनवलं. “तिथं माझी शेगडी कोण लावू देणार?” म्हणाले, आणि पुढचं ऐकायच्या आत मक्याची कणसं उलटायला लागले.

आता दर रविवारी दोन वाजता ती फोन लावते.

“खिडकी उघडी आहे ना, बाबा?”

“आहे गं.”

“मग रस्त्याचा आवाज कसा येत नाहीये?”

पावलं घासत जातात. मग कडी सरकते, आणि खालून एखादी गाडी जाते.

फोनवरून एवढंच करता येतं. कोळसा आता त्यांना दुसरं कुणीतरी आणून देतं, आणि ते अजून दोन ताटं मांडतात, हे तिला नवऱ्याकडून कळलं. म्हणून ती भेटेल त्याला विचारत असते, तसं तुम्हालाही विचारते: तुमच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्यावर म्हणा, तिसऱ्यावर म्हणा, असं कुणी राहतं का? राहत असेल तर रविवारी दुपारी एकदा वर जाऊन या. दार उघडायला वेळ लागला तरी थांबा. आणि जेवायला बसा म्हणाले, तर बसा.