बारा घरांचा अहवाल

बारा घरांचे दोन्ही अहवाल मीच टाइप केले. पहिला मंगळवारी, दुसरा शुक्रवारी, एकाच मशीनवर. मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि स्कार्नलीच्या टाउन हॉलमध्ये, सर्व्हेअरच्या खात्यात टायपिस्ट होते. माझे वडील सिरिल आर्मिटेज त्याच खात्यात, दोन खोल्या पलीकडे बसायचे. गावातल्या इमारतींची तपासणी त्यांच्याकडे होती. १९६६ सालचा मार्च महिना होता.

बारा घरं म्हणजे चर्चच्या खालच्या अंगाला, नदीकडे उतरत गेलेली एक बैठी दगडी ओळ. साडेतीनशे वर्षांपूर्वी लोकरीच्या एका व्यापाऱ्याने गावातल्या बारा निराधार बायकांसाठी ती बांधून ठेवली. एक गेली की तिच्या जागी दुसरी यायची, तेव्हापासून तसंच चाललं होतं. गिरण्यांच्या धुराने दगड काळाकुट्ट झाला होता. प्रत्येकीला एक खोली, एक शेगडी आणि वर छोटा माळा. नळ बाराजणींत एक, आणि संडास अंगणापलीकडे. सात नंबरमध्ये माझी विनी आत्या राहायची.

आत्या बाबांहून तेरा वर्षांनी मोठी. आजी गेली तेव्हा बाबा चार वर्षांचे होते. आत्या दिवसभर गिरणीत मागावर उभी राहायची आणि घरी येऊन त्यांना न्हाऊमाखू घालायची. तिने लग्न केलं नाही. बाबा शिकले, कॉलर घालून खुर्चीवर बसले, ते तिच्या जिवावर. हे ती कधी बोलून दाखवायची नाही, पण बाबा तिच्यासमोर पाय पसरून बसलेले मी कधी पाहिले नाहीत.

गावात रिंगरोड यायचा होता आणि नकाशावर तो बारा घरांवरून जात होता. तपासणीच्या दिवशी बाबांचा मदतनीस आजारी होता, म्हणून टेपचं दुसरं टोक धरायला मी गेले. बाबांनी सबंध सकाळ घातली. ओळंबा सोडून भिंती पाहिल्या, शिडी लावून माळ्यावर चढले, एकेका तुळईत अणकुचीदार सळई दाबून पाहिली. सळई लाकडात शिरतच नव्हती. आत्या खाली चहाची किटली घेऊन उभी होती.

"काय रे सिरिल, लागते का नाडी?"

"तुझ्यापेक्षा बरी आहे, ताई."

"मग माझ्याआधी हिला पोचवायला का आलाय तुमचा टाउन हॉल?"

बाबा हसले. खाली उतरून त्यांनी हातावरची धूळ झटकली. "बारा नंबरचं धुराडं कललंय आणि तिथले चार वासे बदलायला हवेत. बाकी भिंती अडीच फुटी आहेत. आपण सगळे गेल्यावरही उभ्या राहतील."

"हे तोंडाने नको सांगूस. कागदावर लिही."

बाबांनी तसंच लिहिलं आणि मंगळवारी मी ते टाइप करून वर पाठवलं.

गुरुवारी पॉमफ्रेट साहेबांनी, म्हणजे आमच्या खात्याच्या प्रमुखांनी, बाबांना बोलावलं. आम्हा टायपिस्टांच्या आणि त्यांच्या खोलीच्या मध्ये फक्त धुरकट काचेची भिंत होती. आम्हाला सगळं ऐकू यायचं आणि हे त्यांनाही ठाऊक होतं.

"आर्मिटेज, तुम्ही फारच मन लावून तपासलंत."

"कामच आहे, साहेब."

"ही इमारत मंत्रालयाच्या जतन करायच्या इमारतींच्या यादीत आहे. दुरुस्त होण्याजोगी आहे असं आपणच लिहून दिलं तर लंडनहून माणसं येणार, दोन वर्षं चहा पिणार, आणि रस्ता शेजारचं गाव घेऊन जाणार. धोकादायक म्हटलं की यादी आडवी येत नाही."

"पण ती धोकादायक नाहीये."

"धुराडं कललंय ना?"

"एक धुराडं."

"मग तिथून सुरुवात करा." मग साहेबांचा आवाज जरा खाली आला. "तुमची बहीण राहते ना तिथे? या वयात बर्फातून संडासला जाते. गेल्या जानेवारीत मनगट मोडून घेतलंन म्हणे. कौन्सिलच्या नव्या बहुमजली टॉवरमध्ये गरम पाण्याचा नळ आहे, सगळं घरात आहे. तुम्हालाच तिचं बरं व्हायला नको असेल, तर मी काय बोलणार?"

मला वाटतं, बाबा अडकले ते या शेवटच्या वाक्यात. बढतीसाठी त्यांनी सही केली असं पुढे लोक म्हणाले. ते खरं नाही. ते भित्रे होते, पण लोभी नव्हते. आणि मनगटाची गोष्ट खोटी नव्हती.

शुक्रवारी त्यांनी हाताने लिहिलेले नवे कागद माझ्यासमोर ठेवले. भिंती फुगलेल्या, तुळया कुजलेल्या, संपूर्ण इमारत कोसळण्याच्या स्थितीत. मी वाचून वर पाहिलं.

"बाबा, मी होते की तिथे."

"टाइप कर, वेंडी."

मी टाइप केलं. एकही चूक न करता, तीन प्रतींत. पहिल्या अहवालाच्या सगळ्या प्रती साहेबांनी मागवून घेतल्या, त्याही मीच नेऊन दिल्या.

पुढच्या आठवड्यात बारा घरांच्या बारा दारांवर नोटिसा लागल्या. रविवारी आत्या नेहमीसारखी आमच्याकडे जेवायला आली. टोपी काढली, कोट काढला, खुर्चीवर बसली. आईने तिच्या ताटात मांस आणि बटाटे वाढले. आत्याने पिशवीतून नोटीस काढून बाबांच्या ताटाशेजारी ठेवली.

"ही सही तुझी आहे की तुझं नाव चोरलंय कोणी?"

"ताई, तिथे तुला गरम पाणी मिळेल."

"मी गरम पाण्याचं विचारलं नाही."

"तू बर्फात पडलीस. सकाळपर्यंत कोणाला कळलं नसतं तर?"

"शेजारच्या कॉलबेकबाईला पाच मिनिटांत कळलं. आत येऊन मधली भिंत ठोकली मी." आत्याने सुरी-काटा हातात घेतला आणि परत ठेवला. "मला खोटं बोलून वाचवायला कोणी सांगितलं तुला? खरं बोलून हलवायचंस. रस्ता हवाय, ऊठ म्हातारे, असं म्हणायचंस. मी भांडले असते, हरले असते, गेले असते. पण घर कुजलंय म्हणालास. आम्ही बाराजणी घासूनपुसून ठेवतो ते घर."

आई म्हणाली, "ताई, जेवण निवतंय." आत्या जेवली. सगळं जेवली, कारण अन्न टाकायची तिला सवय नव्हती. मग कोट घालून गेली.

एप्रिलमध्ये बाराजणींना टॉवरमध्ये हलवलं. सगळ्या दुःखी होत्या असं म्हणता येणार नाही. कॉलबेकबाई तर पहिला आठवडाभर रोज दोनदा अंघोळ करत होत्या आणि येईल त्याला नळ सोडून दाखवत होत्या. पण त्यांना तिसरा मजला मिळाला आणि आत्याला अकरावा. इतर दहाजणी जिथे जागा होती तिथे विखुरल्या. ठोकायला भिंत होती, पण पलीकडे कोण राहतं ते आत्याला माहीत नव्हतं.

पाडकाम मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी सुरू झालं. मुकादम गारफोर्थ म्हणून एक धिप्पाड माणूस होता. तीन दिवसांचं काम आहे, असं त्याने टाउन हॉलला सांगितलं होतं. कौन्सिलच्या वतीने बाबांना तिथे हजर राहायचं होतं. पहिल्या दिवशी क्रेनचा लोखंडी गोळा बारा नंबरवर बसला आणि धुराडं खाली आलं. लोक दुरून बघत होते. दुसऱ्या दिवशी गोळा अकरा नंबरच्या भिंतीवर बसला आणि परत फिरला. पुन्हा बसला, पुन्हा फिरला. भिंतीवर काजळीचा काळा थर उडून फक्त एक पिवळसर वर्तुळ उमटलं.

चौथ्या दिवशी अकरा नंबर पडला होता आणि दहा नंबर उभा होता. आता पाडकामाभोवतीच्या कठड्याशी गर्दी जमायला लागली. गिरणीची जेवणाची सुट्टी झाली की बाया-माणसं चिप्सचे पुडे घेऊन यायची. कोणीतरी पैज लावायचं. एकदा गोळा आपटून परत आला तेव्हा मागून कोणी म्हणालं, "जपून रे बाबांनो, धोकादायक इमारत आहे, क्रेन मोडेल." सगळे हसले. बाबा हातात फाइल धरून गर्दीकडे पाठ करून उभे होते. मी टाउन हॉलच्या खिडकीतून त्यांची पाठ बघत असे.

आत्या रोज यायची. सकाळी नऊला, हॅट घालून, हातात पिशवी. कठड्याच्या एकाच जागी उभी राहायची आणि जेवणाच्या सुट्टीनंतर निघून जायची. कोणाशी बोलायची नाही.

दहाव्या दिवशी सात नंबरची पाळी आली. जेवणाच्या वेळी मी तिथे गेले होते. गारफोर्थच्या माणसांनी छपराची मोठी तुळई करवतीने मधोमध कापून खाली उतरवली होती, कारण ती गोळ्याने तुटत नव्हती. गारफोर्थ कपाळ पुसत बाबांना म्हणाला, आणि त्याचा आवाज असा की अर्धी गर्दी ऐकेल, "साहेब, हे जर धोकादायक असेल, तर माझं घर सकाळीच पडायला हवं होतं. बायको आहे आत, जाऊन बघून येऊ का?"

आत्याने कठडा ओलांडला. कोणी अडवलं नाही. ती विटा-दगडांतून जपून चालत तुळईपाशी गेली. कापलेला भाग ताज्या लोण्यासारखा पिवळा होता.

"सिरिल, इकडे ये."

बाबा गेले.

"हात लाव."

त्यांनी हात लावला.

"कुजलंय का?"

बाबा ओठांतल्या ओठांत पुटपुटले.

"मला ऐकू येत नाही. माग चालवून कान गेलेत माझे. कुजलंय का?"

"नाही," बाबा म्हणाले.

"बरं." तिने पिशवी सावरली आणि ती परत आली. माझ्या जवळून जाताना म्हणाली, "वेंडी, कामावर जा, उशीर होईल." त्यानंतर ती पाडकाम बघायला आली नाही आणि आमच्याकडे रविवारी जेवायलाही आली नाही. बारा घरं पाडायला एकोणीस दिवस लागले.

मी तिला भेटायला जात असे. बाबा दोनदा गेले. दोन्ही वेळा तिने दार उघडलं, चहा दिला, हवेबद्दल बोलली. बाबा म्हणाले, त्यापेक्षा तिने दार लावून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या जानेवारीत टॉवरची लिफ्ट नऊ दिवस बंद होती. आत्या पाव आणायला उतरली आणि परत चढताना आठव्या आणि नवव्या मजल्याच्या मध्ये बसली ती बसलीच. वरून उतरणाऱ्या एका बाईला वाटलं, म्हातारी दम खातेय. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं. बाबांना तसं रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. ते सत्तेचाळीसचेच होते, पण त्या दिवसापासून मला साठीचे वाटायला लागले.

पाडकामानंतर दोन वर्षांनी, ६८ साली, कापड बाजाराच्या जुन्या हॉलची पाळी आली. तोही धोकादायक ठरला होता, या वेळी दुसऱ्या कोणाच्या सहीने. गावातल्या काही लोकांनी तक्रार केली आणि मंत्रालयाने उघड चौकशी लावली. तिथे बाबा, कोणालाही न सांगता, तक्रारदारांच्या बाजूने साक्षीला उभे राहिले. त्यांनी सांगितलं की बारा घरं मजबूत होती, मी खोटं लिहिलं, मला तसं लिहायला सांगितलं होतं, आणि इथेही तेच झालेलं असणार.

कौन्सिलचा वकील सौम्य माणूस होता. "मि. आर्मिटेज, पहिला अहवाल कुठे आहे?"

"नष्ट केला."

"कोणी पाहिला होता?"

बाबांनी क्षणभर थांबून म्हटलं, "पॉमफ्रेट साहेबांनी." साहेब समोरच बसले होते. त्यांनी खेदाने मान हलवली.

"म्हणजे तुम्ही अधिकृत कागदावर सही करून खोटं बोललात, असं तुमचंच म्हणणं. मग आज खरं बोलताय हे आम्ही कशावरून धरायचं?"

मी चौथ्या रांगेत बसले होते. दोन्ही अहवाल मी टाइप केले होते, टेपचं टोक मी धरलं होतं. बाबांना फक्त माझं नाव घ्यायचं होतं. त्यांनी घेतलं नाही. मला फक्त उभं राहायचं होतं. मी राहिले नाही. माझं तेव्हा लग्न ठरलं होतं, आम्ही कौन्सिलच्या घरासाठी अर्ज केला होता, आणि पॉमफ्रेट साहेब माझ्याकडे अगदी शांतपणे बघत होते. बाबा उतरून माझ्या शेजारून गेले, त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

हॉल पुढच्या वसंतात पाडला. बाबांना नोकरी सोडावी लागली. ते दफनभूमीच्या कचेरीत लागले. तिथे नोंदी करायचे, जागा आखून द्यायचे. मी टाउन हॉलमध्ये एकतीस वर्षं काढली. पॉमफ्रेट साहेबांच्या निरोप समारंभात फुलं मीच दिली.

बाबांच्या शेवटच्या आजारात मी रोज त्यांच्यापाशी बसत असे. एका दुपारी मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी मी उठायला हवं होतं."

त्यांना कोणता दिवस ते विचारावं लागलं नाही. "उठली असतीस तरी हॉल पाडलाच असता."

"माहितीये मला."

"मग?"

मी त्यांची चादर सारखी केली. ते म्हणाले, खिडकी लाव, रिंगरोडवरच्या ट्रकांच्या आवाजात तुझं बोलणं ऐकू येत नाही. मी उठून खिडकी लावली आणि परत येऊन बसले.