दोन बोटं माया

साल एकोणीसशे अडुसष्ट. एका सोमवारी ताईने शिवणाचं दुकान उघडलं, तर भिंतीवरचे खिळे रिकामे! जाड कागदाचे सगळे साचे, अठरा वर्षं एकेक करून बनवलेले, नाहीसे झाले होते. कुलूप मात्र शाबूत होतं. दुसरी किल्ली एकाच माणसाकडे होती, धाकट्या बहिणीकडे.

आठ दिवसांत समोरच्याच फुटपाथवर धाकटीची पाटी लागली. जिला हात धरून सुईत दोरा ओवायला शिकवलं, तिनेच पाठीत कात्री खुपसली! गिऱ्हाइकं तिकडे वळली. ताईने अंथरूण धरलं.

पंधरवड्याने काजवाली मावशी आली. ताईच्या दुकानाची काजंबटणं ती करायची. जीभ सुईहून तिखट.

"काय गं, अंथरुणाला टाके घालून घेतलेस की काय?"

"मावशी, सख्ख्या बहिणीने घात केला. कशासाठी उठू आता?"

"तिच्या नाकावर टिच्चून दुकान चालवायला ऊठ."

"हो! त्यासाठी उठेन!"

"मग नकोच उठूस. रागाचा दोरा कच्चा, चार धुण्यांत तुटतो. तुझं स्वतःचं काही कारण असेल तर बघ."

मावशीने पिशवीतून एक झगा काढला. "धाकटीने शिवलाय. काखेत काचतो म्हणून ती बाई माझ्याकडे रडत आली. उसवून सैल करायला गेले, तर आत काहीच नाही."

ताईने झगा उलटा केला. बोटं आपोआप शिवणीवरून फिरली.

"अगं बाई! हिने मायाच सोडली नाही!"

माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जास्तीचं कापड. ताईच्या साच्यांत ते धरलेलं नसे. कापताना तिचा हातच रेघेबाहेर दोन बोटं चाले. धाकटीला ताई नेहमी कापूनच देई; तिने साचे नेले आणि बरोबर रेघेवर कापत सुटली.

ताई हसली. मग ढसाढसा रडली.

"साचे गेले, माया तुझ्या हातातच राहिली," मावशी म्हणाली. "पण खरं सांग, सगळं बहिणीला कापून देताना स्वतःसाठी दोन बोटं तरी सोडलीस?"

ताई झगा पुन्हा पुन्हा बघत राहिली. बिघडलेलं काम तिला बघवेना.

"काखेत जादा कापडाची कळी जोडावी लागेल," ती उठत म्हणाली. "कात्री दे इकडे!"

धाकटीचं दुकान दीड वर्षात बंद पडलं. ती परगावी गेली. तिची पत्रं आली, ताईने उत्तरंही लिहिली; किल्ली मात्र पुन्हा कुणाला दिली नाही. मावशी नजर जाईपर्यंत काजं करत राहिली. ताईने वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षापर्यंत कात्री खाली ठेवली नाही.

वाचकहो, घाव घरचाच असला की उठायला कारण सापडत नाही. ते दुसऱ्याच्या दारात शोधू नका, आपल्या हातात शोधा. माणसांवर माया जरूर करा. पण स्वतःसाठीही दोन बोटं माया राखा. आयुष्य उसवलं, की तीच कामी येते.